लव्हबर्ड-बजरीगरच्या विष्ठेतले मायक्रोस्पोरिडिया: सूक्ष्मदर्शक की पीसीआर?

एन्सेफॅलिटोझून हेलेम हा मायक्रोस्पोरिडिया (बुरशीच्या जवळचे, बीजाणू बनवणारे सूक्ष्म परजीवी) गटातला परजीवी धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतूनही पडतो आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला आजारी पाडू शकतो.

सूक्ष्मदर्शक तपासणी स्वस्त. पातळ लेप, क्रोमोट्रोप रंगात ९० मिनिटे, मग तेल-भिंगाखाली १००० पट. बीजाणू गुलाबी-लाल, अनेकदा मधे आडवा पट्टा. पण ते जेमतेम १ ते २.५ मायक्रॉनचे, जाड लेपात हरवतात. कॅल्कोफ्लुअर या चमकणाऱ्या रंगाने ते अतिनील प्रकाशात झटकन चमकतात, मात्र यीस्टही चमकतं आणि पक्ष्यांच्या विष्ठेत यीस्ट सर्रास असतं. शिवाय प्रजाती कळत नाही.

पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून ओळखणारी चाचणी) थोडे बीजाणूही पकडतं. आयटीएस या डीएनएच्या भागाचा क्रम वाचला की प्रजाती व जनुकप्रकार कळतो. गोची डीएनए काढताना होते: कायटिनचं कवच काचेच्या मण्यांनी फोडावं लागतं, आणि विष्ठेतला पांढरा युरेट अभिक्रिया रोखू शकतो. म्हणून अंतर्गत नियंत्रण (नमुन्यात मुद्दाम घातलेला ओळखीचा डीएनए; तो दिसला नाही तर अभिक्रिया अडली असं कळतं) हवंच. नाहीतर खोटा ‘निगेटिव्ह’ खरा वाटतो. नमुना ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मालिन लेपाला चालतं, डीएनएची मात्र नासाडी करतं.

बीजाणू रोज पडत नाहीत. पद्धत कोणतीही असो, वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने घ्या. घरात केमोथेरपी घेणारं कुणी असेल, तर थेट पीसीआरच करा.