इगतपुरीला दहा दिवस, तबल्याला हात न लावता

आधीच सांगतो, मी काही अध्यात्मिक वगैरे माणूस नाही. डोंबिवलीला राहतो, तबला आणि ढोलकी वाजवतो, अभंगवाणी, सुगम, ऑर्केस्ट्रा, सुपारी आली की निघायचं, असं बावीस-तेवीस वर्षं चाललंय. पण गेल्या सीझनला झोपच गेली. दोन वाजता कार्यक्रमावरून यायचं आणि पाच वाजेपर्यंत डोक्यात तिहाया (तीनदा वाजवून समेवर येणारे तुकडे) चालू. बायको म्हणाली डॉक्टरकडे जा, मित्र म्हणाला मेडिटेशनचं अॅप टाक.

अॅप टाकलं. नाव नाही घेत, पण त्यात मन शांत करायला सिंथची बासरी लावलेली आणि मी डोळे मिटून पडलो की पहिला प्रश्न हा की भूप रागात नसलेला निषाद कुठून आला. मग कळायचं की लूप आहे आणि लूपचा जोड नीट बसलेला नाही, दर चौथ्या आवर्तनाला अर्धी मात्रा खातोय. आता त्या जोडाची वाट बघत पडलेला माणूस कसा काय झोपणार? बाकीच्यांना गाणं ऐकून आराम पडत असेल, आपल्याला गाणं म्हणजे ऑफिस.

म्हणून शेवटी इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रातला दहा दिवसांचा विपश्यना कोर्स केला. नियमावली वाचताना एका ओळीवर अडकलो: वाद्यं आणायची नाहीत, संगीत नाही. रेडिओ, पुस्तक, वही, पेन काही नाही, फोन पहिल्याच दिवशी जमा. दहा दिवस रियाज नाही म्हणजे पोटात गोळाच आला. पण आषाढीचे कार्यक्रम संपले की गणपतीपर्यंत तसंही सामसूम असतं, त्यामुळे श्रावणातली तारीख घेतली. फॉर्म ऑनलाइन भरायचा. आजारपणं, औषधं, मानसिक त्रास असेल तर तो, सगळं विचारतात, ते खरं लिहा. गंभीर मानसिक आजारावर हा उपचार नाही हे ते स्वतःच सांगतात, त्यामुळे तसं काही चालू असेल तर आधी डॉक्टर.

पैशाचं म्हणाल तर फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं कशाचेच पैसे घेत नाहीत, कोर्स पूर्ण झाला तरच दान द्यायचं, ते पण इच्छा असेल तर. बिदागीवर जगणाऱ्या माणसाला हे पहिले दोन दिवस पचतच नाही. तिथल्या प्रवचनात हा कोर्स शिकवणाऱ्या गोयंकाजींची गोष्ट कळते, १९२४ ला मंडालेत जन्म, मोठे व्यापारी, मायग्रेनने हैराण, देशोदेशीचे डॉक्टर झाले, शेवटी बर्मातच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही विद्या शिकले आणि १९६९ मध्ये भारतात आले. धम्मगिरीत १९७६ पासून कोर्स चालू आहेत. गोयंकाजी २०१३ मध्ये वारले, पण शिकवतात अजून तेच, रेकॉर्डिंगमधून. समोर सहायक आचार्य बसतात.

दिवस पहाटे ४ ला घंटेने सुरू. मला तर ती घंटा काळी दोनच्या (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) जवळपास वाटली, दहा दिवस खात्री करता आली नाही, ट्यूनर फोनमध्ये आणि फोन ऑफिसात. साडेचारपासून ध्यान, अकराला जेवण, पाचला चहा, चुरमुरे आणि केळं, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मोजलं तर दहा तासांच्या वर बैठक होते. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, त्याला आनापान म्हणतात, चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय काय होतंय ते नुसतं बघत जायचं. कोणाशी बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरानजर पण नाही.

बोलणं बंद झाल्याचं मला काही वाटलं नाही. स्टेजवर पण आम्ही बोलत नाहीच. पण हात! मांडीवर बोटं कधी चालू व्हायची कळायचंच नाही. दुसऱ्या दिवशी तर सरळ चोरून रियाज केला, डोळे मिटून धाधा तिट धाधा तूना, सगळे पलटे, शेवटी तिहाई, आणि समेवर मान हलली. शेजारचा बहुतेक समजला असेल मला काहीतरी दिव्य अनुभव आला. गोयंकाजींचे दोहे लागले की भजनी ठेका आपोआप सुरू, त्यात त्यांची ओळीचा शेवट खेचायची पद्धत अशी की ठेकेवाल्याची परीक्षाच.

चौथ्या दिवसापासून रोज तीन बैठका अधिष्ठानाच्या. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. मला वाटलेलं हे तर आपलं रोजचंच, तीन तास मांडी घालून बसतो आपण. पंधरा मिनिटांत उजव्या खांद्यामागे जी कळ आली ती आली. वाजवताना ती कधीच जाणवली नव्हती. तिकडेच कळलं की मी नुसता बसलो तरी उजवा खांदा वर उचलून धरतो, जसं काही आता कोणीतरी दायावर (उजव्या हाताच्या तबल्यावर) थाप मागणार आहे. खांदा खाली सोडला की दोन मिनिटांनी परत वर. हे बावीस वर्षांत ना गुरूंनी सांगितलं ना फिजिओने.

पण ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते वेगळंच आहे. श्रावणातली इगतपुरी म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस, पत्र्यावर सतत धडधड. तिसऱ्या रात्री पाऊस एकदम थांबला आणि मला रातकिडे ऐकू आले. बारीक, एकसुरी, वरच्या पट्टीत. म्हटलं वा. दुसऱ्या दिवशी भरदुपारी हॉलमध्ये बसलो तर रातकिडे तिथे पण! आणि फक्त डाव्या कानात. घाम फुटला राव. दुपारी प्रश्न विचारायची वेळ असते तेव्हा आचार्यांना जाऊन सांगितलं, ते शांतपणे म्हणाले लक्ष श्वासावर आणा आणि घरी गेल्यावर कान दाखवून घ्या. मग उरलेले दिवस मी आणि कानातली ती शिट्टी. पळायला जागाच नव्हती, ना टीव्ही ना फोन ना तबला. आठव्या दिवसापर्यंत ती गेली नाही, पण तिच्यावर चिडणं बरंच कमी झालं.

घरी आल्यावर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केली. डाव्या कानाचा आलेख ४००० हर्ट्झला खड्ड्यात. मोठ्या आवाजाने कान गेला की खड्डा नेमका तिथेच आसपास पडतो असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. स्टेजवर माझ्या डाव्या बाजूला कायम मॉनिटर (आमचं आम्हाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) आणि त्याच्या पलीकडे ऑक्टोपॅडवाला. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबल ८ तास चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. आपला नुसता साउंडचेक तासभर चालतो. आता फिल्टरवाले इअरप्लग घालतो. फोमचे घेऊ नका, त्याने वरचे सूर जास्त कापले जातात आणि तबला गोधडीखालून आल्यासारखा वाटतो.

झोप सुधारली का? हो, पण रोज नाही. कार्यक्रमाच्या रात्री अर्धा तास आनापान केलं तर तीनपर्यंत डोळा लागतो, ते सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात ते मला जमत नाही. तिहाया अजून येतात, येऊ देत. साडेचार स्टार देईन. अर्धा कापलाय तो माझ्या गुडघ्यांसाठी.

कोणी जाणार असाल तर सीझन तोंडावर असताना जाऊ नका, आल्यावर दोन-तीन दिवस साधा मिक्सर पण सहन होत नाही. दहाव्या दिवशी मौन सुटतं तेव्हाचा कलकलाट पण जड जातो. पावसात गेलात तर छत्री, टॉर्च आणि कपडे दुप्पट न्या, वाळत काही नाही. रियाज सुटून हात बिघडेल ही भीती सोडा, माझी बोटं दीड दिवसात परत आली. तबल्याचीच पुडी (वरचं चामडं) सुरातून उतरली होती, दमट हवेने.

परवा साउंडवाल्याचा फोन आला, शनिवारी वाशी, लाइनअप काय, काळी एक की दोन. म्हटलं ते राहू दे, माझा मॉनिटर कुठे ठेवणार ते सांग. तो हसायलाच लागला, म्हणाला भाऊ, एवढ्या वर्षांत तुम्ही कायम आवाज वाढव एवढंच सांगत आलात.