फँटसी फूटीचा सशुल्क ‘राउंड प्रीव्ह्यू’: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

२७ सप्टेंबर २०२५ला ब्रिस्बेनने जिलाँगला हरवलं आणि एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, हंगाम संपला. त्यानंतर पुढच्या मार्चपर्यंत एकही सामना नाही, तरी फँटसी फूटीचे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळाचे, अंदाज विकणाऱ्या या सेवेने ऑक्टोबरचे पैसे कार्डावरून कापले. ‘ऑटो-रिन्यू’ बंद करायचं बटण ॲपमध्ये नाही. वेबसाइटवर लॉगिन करून बिलिंगच्या तिसऱ्या पानावर जावं लागतं. तक्रार केल्यावर उत्तर आलं की अटींमध्ये लिहिलेलं आहे. सेवेचं नाव देत नाही. दर आठवड्याला फेरीचा अंदाज विकणाऱ्या अशा सेवा बऱ्याच आहेत आणि पुढचं बहुतेक सगळ्यांनाच लागू पडतं.

नियम माहीत आहेत असं धरून लिहितोय. तरी गुणांचा हिशेब एकदा समोर ठेवू, कारण प्रीव्ह्यू चांगला की वाईट ते त्यावरूनच ठरतं. एएफएल फँटसीत किकला ३, हँडबॉलला (मुठीने दिलेला पास) २, मार्कला (किकवरचा झेल) ३, टॅकलला ४, गोलला ६, बिहाइंडला (गोलच्या बाजूच्या खांबांमधून गेलेला चेंडू) १, हिटआऊटला (उंच उडालेला चेंडू हाताने टोलवणं) १, फ्री किक मिळाली तर १ आणि दिली तर उणे ३. म्हणजे १५ किक, १० हँडबॉल, ६ मार्क, ४ टॅकल, एक गोल, एक फ्री किक मिळालेली आणि दोन दिलेल्या, की बरोबर १०० होतात. हा सरळ मोजणीचा खेळ आहे. सुपरकोच या दुसऱ्या फँटसी खेळाचा पाया वेगळा: किक परिणामकारक होती की वाया गेली ते तिथे बघतात आणि सामन्याचे एकूण गुण ३३०० वर आणून बसवतात. दोन्ही खेळांना एकच प्रीव्ह्यू पुरवणारी सेवा दिसली की तिथेच सावध व्हावं. ही सेवा दोन्हींचे आकडे वेगळे देते. तेवढं तिचं चांगलं.

आता मुख्य तक्रार. दर फेरीचं पान उघडलं की ‘टॉप कॅप्टन’ म्हणून खेळाडूंची यादी येते, अंदाजित गुणांच्या उतरत्या क्रमाने. पण सामना कधी सुरू होतो, कधी संपतो आणि त्यानंतर कोणते सामने उरतात, याचा त्या पानावर मागमूस नाही. कॅप्टन निवडताना मला ती यादी या क्रमाने नकोच असते, मला ती घड्याळाच्या क्रमाने हवी असते. पहिल्या आठवड्यापासून हेच खुपत राहिलं आणि शेवटपर्यंत बदललं नाही.

वेळ इतकी का महत्त्वाची? ड्रीम इलेव्हनची सवय असलेल्यांना व्हाइस-कॅप्टन म्हणजे दीडपट गुण असं वाटतं. इथे तसं नाही. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, आणि व्हाइस-कॅप्टनचे दुप्पट होतात ते फक्त कॅप्टन मैदानात उतरलाच नाही तर. खेळाडू त्याचा स्वतःचा सामना सुरू झाला की लॉक होतो, बाकीचे मोकळे राहतात. म्हणून गुरुवारी किंवा शुक्रवारी रात्री खेळणाऱ्या मोठ्या खेळाडूला व्हाइस-कॅप्टन करायचं. त्याने भरपूर गुण केले, तर जो या फेरीत खेळणारच नाही अशा माणसाला कॅप्टन करायचं आणि व्हाइस-कॅप्टनचे गुण दुप्पट करून घ्यायचे. कमी केले, तर शनिवार-रविवारच्या एखाद्या भरवशाच्या खेळाडूकडे कॅप्टनपद द्यायचं. सगळे याला ‘लूप’ म्हणतात आणि चांगल्या संघांचा अर्धा आठवडा त्यातच जातो.

लूप फसतो तो बारीक गोष्टींवर. न खेळणारा कॅप्टन बेंचवर चालत नाही, तो मैदानावरच्या २२ मध्ये हवा. त्याची जागा भरायला त्याच ओळीतल्या, म्हणजे त्याच स्थानाच्या, बेंचवरच्या खेळाडूला ‘ई’, म्हणजे इमर्जन्सी, लावावी लागते. सर्वांत स्वच्छ पद्धत अशी: अजून न खेळलेला एखादा स्वस्त नवखा २२ मधून बेंचवर आणायचा, त्याला ‘ई’ लावायची, आणि त्याच्या जागी न खेळणाऱ्याला बसवून कॅप्टन करायचं. नवख्याचे गुण मिळतातच, नुकसान शून्य. अट एकच, अदलाबदलीच्या क्षणी दोघंही लॉक झालेले नकोत. एकाच ओळीत दोन ‘ई’ लावल्या तर कमी गुणांचा खेळाडू धरला जातो, म्हणून दुसरी ‘ई’ काढून टाकायची. लूपसाठी ठेवलेला माणूस शक्यतो फेरीतल्या शेवटच्या सामन्याच्या क्लबचा असावा. वेस्ट कोस्ट आणि फ्रीमँटलचे पर्थमधले सामने अनेकदा दिवसात उशिरा असतात, त्यामुळे त्यांच्या यादीतला राखीव संघात खेळणारा तळाच्या किमतीचा खेळाडू बेंचवर कामाचा ठरतो. मात्र ऐनवेळी कोणी दुखापतीने बाहेर गेला आणि त्याच्या जागी हाच उतरला, तर त्याचेच ३५-४० गुण दुप्पट होऊन पदरात पडतात. उशिराचे बदल सामन्याच्या तासभर आधी कळतात, तेव्हा एकदा बघणं सक्तीचं.

शनिवारी सामने एकमेकांवर चढतात. दुपारच्या सामन्याचा व्हाइस-कॅप्टन घेतला आणि कॅप्टन सायंकाळच्या पहिल्या सामन्यातला असेल, तर पहिला सामना संपायच्या आत दुसरा सुरू होऊ शकतो. २० मिनिटांच्या चार डावांत थांबलेला वेळ आणि मधल्या विश्रांती धरल्या की सामना सुमारे अडीच तास चालतो. हे सगळं दर आठवड्याला वहीत हाताने मांडावं लागत असेल, तर पैसे कशाचे? नऊ सामन्यांच्या वेळा उभ्या ओळीत आणि त्यांच्यासमोर खेळाडू, इतकं साधं कोष्टक. त्यांना तीन वेळा लिहून कळवलं, उत्तर दर वेळी ‘नोंद घेतली’.

एप्रिलपर्यंत माझं मत होतं की अंदाजित गुणांचा रकाना निरुपयोगी आहे. हंगामाच्या मध्यावर ते मत बदललं आणि बदलण्याचं कारणही लूपच. व्हाइस-कॅप्टनचे गुण स्वीकारायचे की नाही, यासाठी लोक १२० चा आकडा डोळे मिटून धरतात. तो चूक आहे. हातातला आकडा पक्का असतो, पुढच्या कॅप्टनचा अपेक्षित. पुढचा कॅप्टन सरासरी ११० च्या आसपास करणारा मिडफिल्डर असेल आणि त्याच्यासमोर टॅगर (फक्त त्यालाच रोखायला नेमलेला खेळाडू) असेल, तर ११४ सुद्धा घ्यावेत. उलट मेलबर्नच्या मॅक्स गॉनसारखा रक, म्हणजे हिटआऊट घेणारा उंच खेळाडू, कमकुवत रकच्या संघाविरुद्ध रविवारी खेळणार असेल, तर ११८ सोडून देण्यात अर्थ आहे, कारण फँटसीत प्रत्येक हिटआऊटला एक गुण आहे आणि तो ढीगभर हिटआऊट घेतो. हा उंबरठा ठरवायला अंदाजित गुण खरोखर उपयोगी पडतात आणि या सेवेचे रकसंबंधीचे अंदाज चांगले निघाले. सुपरकोचमध्ये मात्र एक पथ्य पाळा: सामना चालू असतानाचा आकडा अंतिम नसतो, ३३०० वर बसवताना तो हलतो. काठावरचा व्हाइस-कॅप्टन असेल तर अंतिम आकडा येईपर्यंत थांबा.

सर्वांत जास्त पैसे वसूल झाले ते सीबीए रकान्यातून. सीबीए म्हणजे सेंटर बाउन्सला, म्हणजे मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होताना, खेळाडू किती टक्के वेळा मधल्या चौकोनात होता ते. त्या वेळी प्रत्येक संघाचे चारच जण चौकोनात असतात, रक आणि तीन मिडफिल्डर. तिघांपैकी एक दुखापतीने गेला की त्याची जागा कोण घेतो हे या रकान्यात दिसतं, आणि गुण वाढायच्या एक आठवडा आधी दिसतं. पण हाच रकाना विंगरबद्दल फसवतो. विंगवरचे दोघं चौकोनाबाहेर असतात, त्यामुळे त्यांचा सीबीए शून्याजवळ राहतो आणि सेवा त्यांना ‘भूमिका कमी झाली’ असा लाल बाण लावते. मोकळ्या जागेत पळून मार्क आणि किक मिळवणाऱ्यांसाठी तो बाण निरर्थक आहे.  

बचावपटूंसाठी ‘किक-इन’चा रकाना हवा, तो इथे आहे आणि नीट आहे. बिहाइंडनंतर गोल स्क्वेअरमधून बाहेर येत ‘प्ले ऑन’ केलं तरच ती किक मोजली जाते, म्हणजे ३ गुण. चौकोनात उभं राहून मारली तर काही नाही. लॉकी व्हिटफिल्ड किंवा बेली डेल यांच्यासारख्यांना हे आयते गुण मिळतात. हे काम दुसऱ्या बचावपटूला गेलं की सरासरी खाली येते आणि त्याचं कारण स्कोअरकार्डात कुठेच सापडत नाही.

टॅगरबद्दल सेवा कच्ची आहे. ‘टॅगचा धोका: मध्यम’ असं प्रत्येकासमोर लिहून काय उपयोग? कोणता क्लब टॅग लावतो आणि कोणत्या प्रकारच्या खेळाडूला लावतो, हे सांगायला हवं. सेंट किल्डाचा मार्कस विंडहेगर ते काम करतो. हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसने २०२३ च्या २१ व्या फेरीत कॉलिंगवुडच्या निक डेकॉसला ५ डिस्पोजलवर (किक आणि हँडबॉल मिळून) रोखलं होतं. डेकॉसच्या गुडघ्यालाही त्या सामन्यात मार बसला होता, पण ज्यांनी त्याला कॅप्टन केलं होतं त्यांचा आठवडा गेला तो गेलाच. असे सामने पानाच्या माथ्यावर ठळक हवेत.

हवामानाचा भाग बरा आहे, पण सगळ्या मैदानांना एकाच तराजूत तोलतो. पावसात मार्क घटतात, टॅकल वाढतात, म्हणून मोकळे मार्क घेणारा बचावपटू पडतो आणि टॅकल करणारा मिडफिल्डर टिकतो. मार्व्हल स्टेडियमला छत आहे, तिथे मेलबर्नच्या पावसाचा प्रश्नच नाही. या सेवेने तिथल्या सामन्यालाही पावसाची खूण लावलेली दिसते! डार्विनमध्ये पाऊस नसतानाही दमटपणाने चेंडू साबणासारखा निसटतो, तिथे खूण नसते.

सबच्या (बदली खेळाडूच्या) नियमावरचा भाग वाचण्यासारखा होता. २०२३ ते २०२५ मध्ये सब डावपेच म्हणून कधीही उतरवता यायचा, २०२६ पासून सब नाही. नवखा खेळाडू सब म्हणून शेवटच्या डावात उतरला आणि १२ गुण करून गेला, तर त्याचे १२ च धरले जायचे, ‘ई’ मदतीला यायची नाही, कारण तो मैदानात उतरलेला असायचा. सब कोण हे संघ पक्का होताना, तासभर आधी कळायचं. सेवेची सूचना वेळेवर यायची. एवढ्या एका सूचनेसाठी पैसे द्यायला हवे होते का? नाही, क्लबच्या अधिकृत खात्यांवर ती फुकट मिळायची.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळा सांगून ठेवतो, कारण ही सेवा फक्त मेलबर्नची वेळ दाखवते. एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, त्यानंतर हंगाम संपेपर्यंत साडेचार तास. म्हणजे हिवाळ्यात गुरुवारी सायंकाळी ६:२० ला जाहीर होणारे संघ आपल्याकडे दुपारी १:५० ला येतात आणि रात्री ७:३० चा सामना दुपारी ३ ला सुरू होतो. गुरुवारीच सामना असेल तर त्या दोन क्लबांचे संघ आदल्या दिवशी कळतात. रविवारच्या सामन्यांची यादी आधी लांबलचक असते आणि नंतर कापली जाते, त्यामुळे रविवारच्या नवख्यावर गुरुवारी भरवसा ठेवून दोन्ही ट्रेड (खेळाडू बदलण्याच्या संधी) खर्च करू नयेत. फँटसीत एरवी आठवड्याला दोनच ट्रेड, न वापरलेले पुढे जात नाहीत. सोमवारपर्यंत मॅच रिव्ह्यूचे (मैदानावरच्या गैरवर्तनाच्या तपासणीचे) निकाल, मंगळवारी क्लबांच्या दुखापतींच्या याद्या, आणि कन्कशन (डोक्याला बसलेला मार) असेल तर किमान १२ दिवस बाहेर हे गृहीत. इतकं झालं की गुरुवारपर्यंत एक ट्रेड ठरतो, दुसरा संघ बघूनच.

बाय फेऱ्यांचं, म्हणजे काही क्लबांना सुट्टी असलेल्या फेऱ्यांचं, कोष्टक मात्र उत्तम. त्या फेऱ्यांत सर्वोत्तम १८ जणांचे गुण धरतात, आणि कोणत्या क्लबचे किती खेळाडू कोणत्या आठवड्यात गायब होतील ते एका नजरेत दिसतं. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड चक्रीवादळामुळे सुरुवातीच्या फेरीतले ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टचे घरचे दोन सामने पुढे गेले, बायचं गणित बदललं, आणि यांनी दोन दिवसांत कोष्टक सुधारून दिलं. तेव्हा मनापासून बरं वाटलं होतं.

म्हणून माझा हिशेब असा. वार्षिक वर्गणी घेऊ नका. मार्चमध्ये एक महिना घ्या, सुरुवातीचा संघ, स्वस्त नवखे आणि पहिल्या बायसाठी. मग थेट मधल्या बाय फेऱ्यांच्या वेळी एक महिना. बाकीच्या काळात गुणांचे आणि सीबीएचे आकडे सार्वजनिक मिळतात, घड्याळाचं कोष्टक तसंही स्वतःच करावं लागतं. भारतीय कार्डावर परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी दर महिन्याला वेगळा लागतो, तो धरून तुलना करा. पैसे भरले त्याच दिवशी वेबसाइटवर जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा, महिना संपेपर्यंत सेवा चालूच राहते. बंद केल्याची ईमेल येते. ती आली नाही, तर बंद झालेलं नाही असं समजा आणि बँकेच्या ॲपमधून त्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार थांबवा.