ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन की म्युरेन? कुत्र्याला घेऊन आल्प्समध्ये चालायला जाणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत कुत्रा न्यावा लागत नाही, तो आपणहून येतो. पायथ्याच्या गावातलं एखादं गावठी कुत्रं बिस्किटाच्या आशेनं मागे लागतं, गडावर आपल्याआधी पोचतं आणि उतरताना वाटही दाखवतं. ही सवय डोक्यात ठेवून स्वित्झर्लंडला आलात तर पहिल्याच कुरणात गडबड होईल. तिथे कुत्रा दोरीला बांधलेला हवा आणि त्याचं तिकीट काढलेलं हवं. चिखलाचे पाय घेऊन तो रेल्वेच्या बाकावर चढलेला कुणालाही खपत नाही.

झुरिकहून आमचा बंड्या (पुण्याचाच, रंगाने चहाच्या भांड्यासारखा) आमच्याबरोबर या तिन्ही गावांना येऊन गेला आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ हे तिन्ही डोंगर तिन्ही गावांच्या परिसरातून दिसतात, त्यामुळे देखावा कुठला सरस हा वाद मी घालणार नाही. कुत्रा बरोबर असला की विचारायचे प्रश्न निराळे असतात. वर जायचं साधन त्याला झेपेल का, पायाखाली काय आहे, सावली-पाणी आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाटेत कोण चरतंय.

वर जायचं कसं

ग्रिंडेलवाल्ड (१,०३४ मीटर) हे तिघांतलं एकच गाव जिथे स्वतःची गाडी थेट नेता येते. म्हातारा कुत्रा, लहान मूल आणि दोन बॅगा असा संसार असेल तर एवढ्यावरच निर्णय होतो. वेंगेन (१,२७४ मीटर) आणि म्युरेन (१,६३८ मीटर) दोन्ही मोटारमुक्त आहेत. गाडी खाली दरीत ठेवायची आणि पुढे रेल्वे किंवा केबल कार. मोटारी नसल्यामुळे कुत्र्याला संध्याकाळी गावातून फिरवणं मात्र फार सुखाचं होतं.

बंड्याला झुलणारी केबिन आवडत नाही. पहिल्या वेळी तो माझ्या पायांत शिरून थरथरत होता, आणि आजूबाजूला साठेक माणसं दाटीवाटीनं उभी. म्युरेनला मोठ्या केबिनशिवाय पर्याय नाही. खाली दरीतल्या लाउटरब्रुनेन गावाहून वर ग्र्युचआल्प स्टेशनपर्यंत केबल कार आणि पुढे छोटी रेल्वे, किंवा त्याच दरीतल्या श्टेखेलबेर्गहून थेट वर जाणारी, डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली नवी केबल कार. ही जगातली सगळ्यात तीव्र चढणीची. माणसांना मजा येते, कुत्र्याला विचारून बघा.

ग्रिंडेलवाल्डहून गावावरच्या फिर्स्ट या डोंगरमाथ्याला जाणाऱ्या केबिनी छोट्या आहेत. बहुतेक वेळा एक केबिन तुमच्या कुटुंबालाच मिळते, कुत्रा जमिनीवर बसतो आणि पाचेक मिनिटांत गप्प होतो. भित्र्या कुत्र्यासाठी त्याहून बरं म्हणजे वेंगेन. तिथे लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची रेल्वे जाते, आणि तीच पुढे क्लाइने शाइडेग खिंडीपर्यंत (२,०६१ मीटर) चढते. केबल कारमध्ये पाऊल न टाकता दोन हजार मीटरवर पोचता येतं. ही गोष्ट मला तिसऱ्या खेपेला सुचली, ती तुम्हाला पहिल्याच खेपेला सांगतोय.

पायाखाली काय

ग्रिंडेलवाल्डची प्रसिद्ध वाट फिर्स्ट ते बाखआल्प तलाव. जायला तीन किलोमीटर, यायला तीन, चढ किरकोळ आणि वाट रुंद. तलाव २,२६५ मीटरवर आहे. कुत्र्याच्या पायांना सोपी, डोक्याला अवघड, कारण जुलै-ऑगस्टमध्ये इथली गर्दी लक्ष्मी रोडची आठवण करून देते. पहिल्या केबिनीनं वर गेलात तर तलावाकाठी निवांत बसता येतं; दहानंतर समोरून दर मिनिटाला दुसरा कुत्रा येतो आणि दोऱ्यांचा गुंता होतो. फिर्स्टच्या कड्याला लगटून लोखंडी पदपथ केला आहे, तिथे कुत्र्याला नेण्याच्या फंदात पडू नका. एकानं बाहेर थांबावं.

ग्रिंडेलवाल्डची दुसरी वाट आयगरच्या उत्तर भिंतीच्या पायथ्याची, आयगर ट्रेल. आयगरग्लेचर स्टेशनपासून (२,३२० मीटर) आल्पिग्लेनपर्यंत (१,६१६ मीटर) सहा किलोमीटर, म्हणजे सातशे मीटर उतार. खडी, सुटे दगड, अधूनमधून ओहोळ. माणसाचे गुडघे बोलतात, कुत्र्याची नखं आणि पंजांच्या गाद्या बोलत नाहीत, रात्री चाटायला लागल्यावर कळतं. फ्लॅटच्या फरशीवर वाढलेल्या कुत्र्याला ही वाट पहिल्या दिवशी देऊ नये. पाट्यांचा रंग बघा: नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला की कुत्र्यासकट मागे फिरा.

वेंगेनची मोठी वाट एकच, मेनलिखेन (गावावरचा डोंगर, वेंगेनहून केबल कार जाते) ते क्लाइने शाइडेग. साडेचार किलोमीटरच्या आसपास, जेमतेम पावणेदोनशे मीटर उतार, दीड तासाचं काम. बाबागाडीही चालते. फक्त सावली नावाला नाही. ऊन असेल तर सकाळी लवकर निघा आणि पाणी स्वतः वाहून न्या. केबिन टाळायची असेल तर उलट्या दिशेनं, शाइडेगहून मेनलिखेनकडे चढत जा आणि त्याच वाटेनं परत या.

म्युरेनची ग्र्युचआल्प ते म्युरेन ही रुळांकडेची वाट चारेक किलोमीटरची, जवळजवळ सपाट. बराचसा भाग झाडांखालून जातो, मध्ये विंटरएगला बसायला उपाहारगृह आहे, आणि समोर तिन्ही डोंगर सबंध वेळ सोबत. दम लागला तर पुढच्या स्टेशनावर गाडीत बसायचं. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी याहून चांगली वाट मी तरी या भागात पाहिलेली नाही. अंगात दम असलेल्याला गावाच्या वरच्या आल्मेंडहुबेल टेकडीहून शिल्टआल्पमार्गे फिरून म्युरेनला येणारी वाट आहे, पण ती कुरणांमधून जाते.

एक लक्षात ठेवा, म्युरेन कड्याच्या अगदी काठावर वसलेलं आहे आणि खाली शेकडो मीटर काही नाही. त्यातून या दरीत कड्यावरून उडी मारून पॅराशूट उघडणारे लोक असतात. छत्री उघडल्याचा आवाज चाबकासारखा येतो आणि फटाक्यांना घाबरणारा कुत्रा त्याला घाबरतोच. गावात असतानाही दोरी सोडू नका.

गाई

जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिन्ही गावांच्या वरच्या कुरणांत गाई असतात. दुभत्या गाईंचं फारसं काही नसतं, त्या आपल्याकडच्यासारख्याच रवंथ करत बघत बसतात. भीती वासरांसकट सोडलेल्या गाईंची. तिच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडगा, आणि तुम्ही लांडग्याला दोरीने धरून आणणारा माणूस. कळप दिसला की वीस ते पन्नास मीटर लांबून, सावकाश, वळसा घालून जायचं. वासराला हात लावायचा नाही. गाय खरोखर अंगावर आलीच तर दोरी सोडून द्यायची. तिथले लोकही हेच सांगतात. कुत्रा गाईपेक्षा वेगानं पळतो, तुम्ही नाही.

या बाबतीत बाखआल्पची वाट मला सगळ्यात कटकटीची वाटते, कारण गाई थेट वाटेवर येऊन उभ्या राहतात आणि त्यांच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी. म्युरेनची रुळांकडेची वाट सगळ्यात शांत. मेनलिखेनची मधली, तिथे वाट रुंद असल्यानं वळसा घालायला जागा मिळते.

कुंपणाच्या विजेच्या तारेला ओलं नाक लागलं की कुत्रा पुढच्या प्रत्येक कुंपणापाशी अडून बसतो. बंड्याचा हा हट्ट दोन दिवस चालला. फाटकाचं रबरी मुठीचं टोक आधी तुम्ही काढा, मग त्याला पुढे न्या. आणि घाण उचला, कितीही आडरानात असलात तरी. कुरणातलं गवत म्हणजे गाईंचा चारा, आणि कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एका परजीवीमुळे गाभण गाय गाभ टाकू शकते. जागोजाग हिरव्या पेट्या असतात, पिशव्याही तिथेच फुकट मिळतात.

पाऊस पडला तर

दुपारी ढग भरून येणं उन्हाळ्यात नेहमीचं. म्युरेन किंवा वेंगेनला मुक्काम असेल तर लाउटरब्रुनेनची दरी हाताशी आहे. श्टाउबबाख धबधब्यापासून (जवळजवळ तीनशे मीटर उंच) श्टेखेलबेर्गकडे जाणारा रस्ता सपाट आहे आणि भिजतही मजेत चालता येतो. वाटेत डोंगराच्या पोटातले ट्र्युमेलबाख धबधबे लागतात, पण तिथे कुत्र्याला प्रवेश नाही, कडेवर घेतलात तरी नाही. ग्रिंडेलवाल्डला पावसात गावातले रस्तेच तुडवावे लागले, आम्हाला तरी.

मग कुठलं?

कुत्रा आठ वर्षांच्या पुढचा किंवा डोंगर पहिल्यांदाच बघणारा: म्युरेन, पण केबिनची भीती नसेल तरच. भीती असेल तर वेंगेन, डोळे मिटून. तरुण, चालता कुत्रा आणि स्वतःची गाडी: ग्रिंडेलवाल्ड, मात्र शाळांच्या सुट्ट्या टाळून, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, गाई उतरायला लागल्यावर. माझ्यापुरतं विचाराल तर मी आता म्युरेनला मुक्काम करतो आणि एक दिवस खाली येऊन ग्रिंडेलवाल्डला जातो. उलट कधी करणार नाही.

पुण्या-मुंबईहून सुट्टीपुरता आपला कुत्रा आणायचा विचार असेल तर आधी कॅलेंडर काढा. मायक्रोचिप, रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची चाचणी आणि त्यानंतर तीन महिने थांबणं, म्हणजे चार महिने सहज जातात. शिवाय थेट विमानानं आणायचा तर स्विस पशुवैद्यक खात्याची परवानगी वेगळी. कान किंवा शेपूट कापलेला कुत्रा कायमचा तिथे सहसा नेता येत नाही, परदेशात राहणाऱ्या मालकाच्या सुट्टीपुरत्या मुक्कामाला मात्र सूट आहे.

इंटरलाकेन ओस्ट या पायथ्याच्या स्टेशनाहून सुटणारी गाडी त्स्वाइल्युचिनेनला दोन तुकड्यांत विभागते, एक तुकडा ग्रिंडेलवाल्डला, दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. कुत्र्याला ओढत, बॅगा सावरत मधल्या स्टेशनावर डबा बदलायची वेळ एकदा आली आहे आमच्यावर.