घरात रेंज नाही? बूस्टर नको, वाय-फाय कॉलिंग लावा : घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधला अनुभव

आधी निकाल सांगतो, मग कारणं. घरात रेंज मिळावी म्हणून बूस्टर (मोबाइलचा सिग्नल मोठा करणारा डबा) घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. घरात फायबरचं इंटरनेट असेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून फोन लावायची सोय, चालू करा. भिंतींमुळे वाय-फायही आतल्या खोल्यांत पोचत नसेल तर मेश सेट, म्हणजे घरभर एकाच नावाचं वाय-फाय देणारे जोडीचे डबे, बसवा. आमच्याकडे हे सगळं गेल्या पावसाळ्याच्या आधी बसवलं. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला तेही खाली लिहिलंय.

मी एमटीएनएलमधला माणूस. ठाण्यात लँडलाइनचे केबल फॉल्ट, रस्त्यावरच्या डीपी-पिलरच्या पेट्या आणि एक्सचेंजमधल्या एमडीएफ या मुख्य फ्रेमवरचे जंपर (तारांच्या जोडण्या) यांतच आयुष्य गेलं. 31 जानेवारी 2020 ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेल्यांबरोबर बाहेर पडलो. त्यामुळे ‘फोन लागत नाही’ हे वाक्य कानावर पडलं की मला आजही स्वस्थ बसवत नाही. आणि इथे तर ते माझ्याच घरात रोज ऐकू यायला लागलं. चिपळूणहून ताईचा फोन आला की आई हॉलच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. गुडघे दुखतात, तरी उभी. का, तर तिच्या खोलीत बसून बोललं की पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ एवढंच ऐकू यायचं.

आम्ही कासारवडवलीला अठराव्या मजल्यावर राहतो. इमारत मिवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या. घरात वीट नावालाही नाही, आणि प्रत्येक भिंतीत सळयांची जाळी. नौपाड्यातल्या जुन्या विटांच्या घरात जो सिग्नल सहज आत यायचा, तो इथे पहिल्याच भिंतीला अर्धमेला होतो. त्यात आमच्या मजल्याची उंची. टॉवरवरचे अँटेना खाली रस्त्याकडे, वस्तीकडे झुकवलेले असतात. वरच्या मजल्यांना त्यांचा मुख्य झोत मिळत नाही. उलट लांबलांबच्या चार-पाच टॉवरांचे सिग्नल एकदम येऊन एकमेकांत मिसळतात. म्हणून कधीकधी तीन दांड्या दिसत असूनही आवाज फुटतो. मागे येऊरचा डोंगर असल्याने त्या बाजूच्या खोल्यांना तर समोरून काहीच मिळत नाही.

दांड्यांवर विसंबू नका, आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिम स्टेटस उघडलं की सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसते. आकडा उणे असतो. 4जी वर उणे 90 च्या आसपास असेल तर निवांत बोला. उणे 110 च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतो. आमच्या हॉलच्या खिडकीत उणे 97 होता, स्वयंपाकघरात उणे 118, आणि आईच्या खोलीत कपाटाच्या बाजूला फोन सरळ ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ म्हणायचा. हे आकडे सरळ नाहीत. दर 10 आकड्यांना ताकद दहापट कमी होते. खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत ती शंभरपटीहूनही जास्त पडत होती. अशा वेळी फोनही टॉवरपर्यंत पोचायला पूर्ण जोर लावतो, म्हणून तो तापतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. आमच्या हिची तक्रार मुळात बॅटरीचीच होती.

आता बूस्टर. सोसायटीत केबलचं काम करणारा एक जण म्हणाला, ‘काका, गच्चीवर अँटेना लावतो, आत एक डबा, पूर्ण घर फुल रेंज.’ ऑनलाइनही तीन-चार हजारांपासून पुढे असे संच दिसतात. त्याने एका ओळखीच्या घरी बसवलेला संच मी स्वतः जाऊन पाहिला. दांड्या खरंच वाढलेल्या होत्या. तरीही मी नाही म्हटलं, आणि ते का हे नीट सांगावंसं वाटतं, कारण विकणारा ते कधीच सांगत नाही.

बूस्टर टॉवरचा सिग्नल मोठा करून घरात देतो, आणि तुमच्या फोनचा सिग्नल मोठा करून टॉवरकडे पाठवतो. खरा घोळ या दुसऱ्या कामात आहे. टॉवर शेकडो फोनचे अगदी क्षीण सिग्नल कान देऊन ऐकत असतो. स्वस्त बूस्टर तुमच्या आवाजाबरोबर नुसता खरखराटही मोठा करून चोवीस तास त्याच्या कानात ओततो. बाहेरचा आणि आतला अँटेना पुरेसा लांब नसेल तर मंडपात माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाजते तसंच होतं, फक्त ही शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही. ती टॉवरला ऐकू येते. मग त्या भागातल्या लोकांचे कॉल तुटायला लागतात. ज्या घरात बूस्टर आहे तिथे मात्र रेंज फुल. कुणाच्या घरात म्हातारं माणूस आजारी असेल, कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावत असेल, आणि आपल्या सोयीपायी त्याचा फोन लागणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइनी दुरुस्त केल्या, हे माझ्याच्याने होणार नाही.

शिवाय कायदा. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून असं यंत्र परवान्याशिवाय बाळगायला मनाई आहे. दूरसंचार विभागाने जानेवारी 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की परवानाधारक मोबाइल कंपनी सोडून कुणीही बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदेशीर आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही विनापरवाना रेडिओ उपकरणासाठी दंड आहे. ‘पण यूट्यूबवर तर सगळे लावतात’ असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. ते व्हिडिओ अमेरिकेतले. तिथे एफसीसी या दूरसंचार नियामकाने 2013 मध्ये नियम केले, 2014 पासून ठरावीक मानकात बसणारे, गडबड झाली की आपोआप गप्प होणारे बूस्टरच विकता येतात, आणि ते मोबाइल कंपनीकडे नोंदवावे लागतात. त्यांच्या पुष्कळशा फ्रिक्वेन्सीही आपल्यापेक्षा वेगळ्या. आपल्याकडे 2300 मेगाहर्ट्झच्या 4जीत आणि 3.5 गिगाहर्ट्झच्या 5जीत येणारा-जाणारा सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतो. ती पाळी साधणं या स्वस्त डब्यांच्या कुवतीबाहेरचं आहे. म्हणजे पैसे जातील, शेजाऱ्याचा फोन जाईल, आणि तुमचं 5जी येईलच असंही नाही.

वाय-फाय कॉलिंगमध्ये टॉवरऐवजी तुमच्या घरचं इंटरनेट वापरून तोच साधा फोन लागतो. वेगळं ॲप नको, वेगळा नंबर नको, समोरच्याकडेही काही नको. एअरटेलने हे डिसेंबर 2019 मध्ये सुरू केलं, जिओने जानेवारी 2020 मध्ये. जादा पैसे नाहीत, तुमच्या रिचार्जमध्येच. सिमच्या सेटिंगमध्ये व्हीओएलटीई (4जी वरून कॉल) आणि वाय-फाय कॉलिंग ही दोन्ही बटणं चालू करायची, बस. पाच मिनिटांच्या कॉलला पाच एमबीसुद्धा लागत नाहीत. चालू झालं की नाही हे तपासायला मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, फक्त वाय-फाय चालू ठेवलं आणि ताईला फोन लावला. लागला. आवाज इतका स्वच्छ, की ती म्हणाली, ‘आलास का रे चिपळूणला?’ बँकेचे ओटीपीही आता स्वयंपाकघरात बसल्या जागी येतात.

पण वाय-फायलाही भिंती आहेतच. कंपनीने दिलेला राउटर दाराजवळच्या शू-रॅकवर, आणि आईची खोली दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे. 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय तर पहिल्या भिंतीतच मान टाकायचं. म्हणून टीपी-लिंकचा डेको एम4 घेतला, दोन डब्यांचा. सहा-सात हजारांच्या दरम्यान पडला, सणासुदीला किंमत खालीवर होते. इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. दुसरा डबा वाय-फायवर जोडू नका, तारेवर जोडा. मिवानच्या घरात दोन डबे हवेतून एकमेकांशी बोलायला लागले तर वेग निम्म्यावर येतो आणि कॉलमध्ये आवाज अडखळतो. आमच्याकडे टीव्हीच्या कन्सील (भिंतीत पुरलेल्या) पाइपातून कॅट-6 ही नेटवर्कची केबल ओढून घेतली. डेकोच्या प्रत्येक डब्याला दोन गिगाबिट पोर्ट आहेत, त्यामुळे हे सहज जमतं. पाइपात जुनी वायर असेल तर तिलाच नवी बांधून ओढायची, तोडफोड लागत नाही. केबल टाकल्यावर आईच्या खोलीत वाय-फाय पूर्ण. नाव एकच असल्याने या खोलीतून त्या खोलीत चालत गेलं तरी कॉल तुटत नाही.

आईचा फोन मात्र साधा बटणांचा. त्याला वाय-फाय कळत नाही, आणि टचस्क्रीन तिला नको. तिच्यासाठी फायबरच्या कनेक्शनबरोबर मिळणारी लँडलाइन घेतली. फायबरच्या डब्यावर टेलिफोनचं पोर्ट असतं, तिथून टेलिफोनच्या तारेची जोडी ओढून तिच्या उशाशी मोठ्या आकड्यांचा फोन ठेवला. ताईचा फोन आता त्यावर येतो. आई पलंगावर बसून, पायावर शाल घेऊन बोलते. या सगळ्या खर्चात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि तिला जवळजवळ पैसे लागले नाहीत. घरात वयस्कर माणसं असतील तर लँडलाइन घ्याच.

आता अर्धा तारा. वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की वाय-फाय कॉलिंगही बंद. तांब्याच्या लाइनला एक्सचेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट यायचे, सगळं ठाणं अंधारात असलं तरी डायल टोन असायचा. फायबरमध्ये तसं नाही. म्हणून 12 व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस लावा, दीड-दोन हजारांत येतो, पण तो फायबरचा डबा आणि डेको दोन्हींना पुरेल असा बघा. दोन्हींचे ॲम्पिअर अडॉप्टरवर छापलेले असतात, त्यांची बेरीज करून घ्या. आणखी एक प्रश्न इंटरनेटवाल्याला आधीच विचारा : घरापर्यंत फायबर येते, की इमारतीच्या शाफ्टमधल्या (तारा-पाइपांच्या उभ्या पोकळीतल्या) नेटवर्क स्विचमधून लॅन केबल येते? फायबरचा स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा भाग) विजेशिवाय चालतो. शाफ्टमधल्या स्विचला मात्र वीज लागते. तो बंद पडला तर तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही.

दुसरी उणीव लिफ्टच्या लॉबीत. बोलत बोलत दाराबाहेर पडलं की फोन मरतुकड्या वाय-फायला धरून ठेवतो आणि आवाज तुटतो. मी बाहेर निघताना वाय-फाय बंद करूनच निघतो. काही फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कला प्राधान्य देता येतं, पण आमच्यासारख्या घरात ते केलं तर मूळ दुखणं परत येतं. खूप जुन्या स्मार्टफोनमध्ये ही सोयच नसते.

ज्यांच्याकडे फायबर नाही त्यांनी आधी कंपनी बदलून बघावी. एका दिवसासाठी शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या आणि खोलीखोलीत आकडा बघा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाने कंपन्यांना आता कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात, पण ते रस्त्यावरची रेंज दाखवतात, तुमच्या स्वयंपाकघरातली नाही. नंबर तोच ठेवून बदलायचं असेल तर 1900 वर पोर्टचा एसएमएस, आणि एकाच सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागात) तीन कामाचे दिवस. ठाणे, नवी मुंबई हे मुंबई सर्कलमध्येच येतात.

इमारतीचं दुखणं मात्र इमारतीनेच काढायला हवं. मोबाइल कंपनी स्वतः इमारतीत छोटे अँटेना बसवून देऊ शकते, आणि ते कायदेशीर असतं, कारण त्यांची जबाबदारी तिच्यावर असते. लोक रेडिएशनला घाबरून टॉवर नको म्हणतात. भारतात 2012 मध्ये टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली गेली, आणि जवळपास कुठले टॉवर आहेत ते सरकारच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. उलट अँटेना लांब असला की कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो, हेही समजून घ्यायला हवं. नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला हे आधीच विचारावं. ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम काढले आहेत.

आमच्या सोसायटीचा अर्ज कंपनीकडे गेलाय. त्यांची माणसं मजल्यामजल्यावर मोजणी करून गेली. शाफ्टमध्ये जागा आणि कॉमन मीटरवरून वीज, एवढं त्यांना हवंय. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि आकड्यांचा कागद बरोबर नेणार आहे. तुमच्या सोसायटीत असाच अर्ज करायचा असेल तर आधी प्रत्येक मजल्यावरच्या एका घरातले डीबीएमचे आकडे लिहून जोडा. नुसतं ‘रेंज येत नाही’ लिहिलेल्या अर्जापेक्षा त्यावर लवकर माणूस येतो.