आलाप चालू असताना झोपी जाणारे स्पीकर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

एकोणीस दिवसांनी पुण्याहून परत आलेल्या खोक्यावर सेवा केंद्राची चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ सोलापुरात या कंपनीचे सेवा केंद्र नाही, त्यामुळे स्पीकरची जोडी थर्माकोलसह बांधून कुरिअरने पाठवण्याचे ६४० रुपये मलाच भरावे लागले. खरेदीच्या दिवशीच रद्दीत निघालेले मूळ खोके मी हट्टाने माळ्यावर ठेवले होते, एवढेच काय ते समाधान. स्पीकरमध्ये दोष नाही हे मलाही मान्य आहे. अडचण अशी, की मी आलाप ऐकत असताना तो झोपी जातो, म्हणजे आपोआप बंद होतो, आणि कंपनीच्या लेखी ती सुविधा आहे.

गेल्या दिवाळीत नवी पेठेतून ११,५०० रुपयांना ही जोडी घेतली. खालच्या स्वरांसाठी चार इंची वूफर, वरच्या स्वरांसाठी रेशमी घुमटाचा ट्विटर, एकाच पेटीत बसवलेला ॲम्प्लिफायर आणि पाठीमागे बास पोर्ट, म्हणजे खालच्या स्वरांना जोर देणारे भोक, हा या किमतीतला नेहमीचा मेळ असल्यामुळे तपशिलात शिरत नाही. कंपनीचे नावही मुद्दाम टाळतो, कारण ज्या गोष्टीबद्दल माझी तक्रार आहे ती या वर्गातल्या इतर अनेक स्पीकरांतही असते.

आधी आवाजाबद्दल. ‘बुकशेल्फ’ या नावावर विश्वास ठेवून पहिले दोन महिने मी ते खरोखरच पुस्तकांच्या कपाटात ठेवले आणि डग्गा रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा घुमत राहिला. पोर्ट मागच्या बाजूला असलेल्या पेटीला पाठीशी मोकळी जागा लागते. भिंतीलगत, आणि त्यातही कोपऱ्यात, खालचे स्वर फुगतात. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा स्पीकर आजही छोट्या स्पीकरांचा मानदंड मानला जातो. त्याची पेटी पूर्ण बंद होती, पोर्ट नव्हतेच, हे मला खरेदीनंतर कळले. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून बावीस इंची लोखंडी स्टँड करून घेतले, त्यांच्या पोकळ पायांत चाळलेली वाळू भरली आणि ते भिंतीपासून दीड फूट पुढे आणले. मी गादीच्या बैठकीवर बसून ऐकतो, तेव्हा ट्विटर बरोबर कानाच्या उंचीवर येतो. डग्गा त्या दिवसापासून डग्ग्यासारखा वाजू लागला.

माझी खोली दहा बाय बाराची, खाली शहाबादी फरशी आणि भिंती उघड्या, त्यामुळे टाळी वाजवली की मागून झणकार येत असे. बसायच्या जागेमागच्या भिंतीवर सोलापुरी चादर दुहेरी घडी करून टांगली, तेव्हा तो झणकार आणि तारसप्तकातला चरचराट बराच कमी झाला. खालच्या स्वरांवर मात्र चादरीचा काडीचाही परिणाम होत नाही. ७०-८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी चार ते पाच मीटर असते, तिला चादर काय अडवणार? काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, सुमारे ६९ हर्ट्झवर लागतो. जुन्या साउंडबारवर तो असल्याचा नुसता भास होई, इथे तो ऐकू येतो, आणि जवारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, बारीक किनार त्याच्यावर वेगळी उमटते. अकरा हजारांत याहून अधिक मागणे योग्य नाही. दूरदर्शन संच साध्या वायरने जोडला असता घुरघुर येत होती. ऑप्टिकल केबल लावल्यावर ती गेली.

आता मूळ विषय. रात्री दहानंतर शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते, त्यामुळे मी आवाज अगदी कमी ठेवतो. उस्ताद अमीर खाँ यांचा झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल असा ऐकत बसलो, की पंधरा मिनिटांनी उजव्या पेटीतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, हिरवा दिवा लाल होतो आणि सर्वत्र शांतता पसरते. येणारा संकेत (सिग्नल) ठरावीक पातळीहून क्षीण असला, तर कोणी ऐकतच नाही असे यंत्र गृहीत धरते. पुढे एखादी जोरकस जागा आली की ते जागे होते, पण त्याला दोन सेकंद लागतात आणि तोवर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून गेलेली असते. दोन सेकंदांसाठी इतके लिहावे का, असे कोणी म्हणेल. ज्याची सम अशी हुकली आहे तो म्हणणार नाही.

यामागचे कारण विजेच्या बचतीचे आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार २०१३ पासून अशा उपकरणांनी स्टँडबायमध्ये, म्हणजे या झोपेच्या अवस्थेत, साधारण अर्ध्या वॅटहून अधिक वीज घेऊ नये आणि काम नसताना त्या अवस्थेत आपोआप जावे, अशी अपेक्षा आहे. युरोप खंडातील बहुतेक देशांत भिंतीवरच्या सॉकेटला बटण नसते, तेव्हा तिथे हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असते आणि झोपण्यापूर्वी ते बंद करण्याची सवय लहानपणापासून लावलेली असते. मी मीटर लावून पाहिले : नुसता चालू असलेला स्पीकर नऊ वॅट घेतो. दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला साडेसहा युनिट, म्हणजे माझ्या बिलाच्या दराने पन्नासएक रुपये. तेवढे मी आनंदाने भरीन, पण ही सोय बंद करण्याचा पर्यायच दिलेला नाही. सेवा केंद्रातील गृहस्थांनी फोनवर अभिमानाने सांगितले, “सर, चार तास डीजेची गाणी लावून तपासलंय, एकदासुद्धा बंद पडला नाही.”

वरचा मजकूर लिहून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली, आणि त्यामुळे माझे मत थोडे बदलले आहे. मी आवाज मोबाइलवर कमी करत होतो आणि स्पीकरचे बटण अर्ध्यावर ठेवत होतो. संकेताची पातळी पाहणारा भाग बहुधा त्या बटणाच्या आधी असावा, अशा अंदाजाने मी उलट केले : मोबाइलचा आवाज पूर्ण, स्पीकरचे बटण अगदी खाली. कानांना आवाज तेवढाच, पण आत पोहोचणारा संकेत कितीतरी मोठा. गेल्या अकरा रात्रींत स्पीकर दोनदाच झोपला, दोन्ही वेळा मुळातच मंद असलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर. शांततेत ऐकू येणारी बारीक फुसफुसही जवळजवळ नाहीशी झाली आहे. मात्र अशा ध्वनिमुद्रणांसाठी अजूनही बैठकीवरून उठून बटण फिरवावे लागते.

नव्याने घेणाऱ्यांनी दुकानात मोठ्या आवाजावर भुलू नये. आपला मोबाइल जोडून, घरी रात्री ठेवाल तेवढ्याच आवाजात, वीस मिनिटे शांत बसून राहावे. दुकानदार अवघडून दोनदा चहा विचारील, तो घ्यावा.

कंपनीला मी ईमेल पाठवली असून त्यात मागण्या दोनच आहेत : माहितीपुस्तिकेत या युक्तीची एक ओळ आणि माझे ६४० रुपये. पहिल्या मागणीचा विचार करू, असे उत्तर आले आहे.