१२ इंची सबवूफर, अकरा महिन्यांनंतर: खडखड नेमकी कुठून येत होती

गेल्या दिवाळीत गाडीत १२ इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचा, जड आवाज काढणारा मोठा स्पीकर बसवला. पोर्टवाला (हवेसाठी भोक असलेला) बॉक्स, २५० वॅट आरएमएस (सतत पेलेल एवढी ताकद), ४ ओहमची सिंगल कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) आणि सोबत मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा अँप. अकरा महिने झाले म्हणून लिहितोय, कारण घेताना सगळे दणका किती ते सांगतात पण खडखड सुरू झाली की काय करायचं ते कोणी नीट सांगत नाही.

पहिले सहा-सात महिने एकदम मस्त गेले. नाशिक-मुंबई कितीतरी वेळा झालं, ढोलाचा ठोका अगदी छातीत जाणवायचा. मग जूनमध्ये मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, पप्पा मागे काहीतरी फडफडतंय. जिथून घेतला त्या दुकानात नेला तर त्यांनी एक गाणं लावून अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं, कॉइल गेली, नवीन घ्या. मला काही पटेना, कारण कॉइल जळली की वास येतो, आवाज बसतो, आणि इथे आवाज होता तेवढाच होता, फक्त जोरात लावला की त्यावर खरखर चढायची.

घरी येऊन मोबाईलवर टोन जनरेटर (एकाच फ्रिक्वेन्सीचा सलग सूर काढणारं अॅप) टाकला, २० हर्ट्झपासून ८० पर्यंत हळूहळू नेला, आवाज बेताचाच ठेवून. गाण्यावर शोधत बसू नका, गाण्यात सगळं इतक्या पटकन बदलतं की कान गोंधळतो, टोन एका जागी थांबवला की वाजणारी वस्तू हाताने दाबून पकडता येते. ३८ च्या आसपास नंबर प्लेट वाजत होती, तिच्यामागे फोमची टेप लावली. मागचा पार्सल ट्रे ४५ ला, त्याच्या टेकूंवर फेल्ट चिकटवलं. स्टेपनीच्या खड्ड्यातला जॅक कापडात गुंडाळला. निम्मा आवाज तिथेच गेला, पण ती मूळ फडफड काही जाईना.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. बॉक्स डिकीतून काढून लांब वायरने अँपला जोडला आणि गाडीबाहेर जमिनीवर ठेवून वाजवला. तरी फडफड, म्हणजे दोष सबमध्येच. मल्टीमीटरवर कॉइल ३.४ ओहम दाखवत होती, ४ ओहमच्या कॉइलला एवढंच येतं, ठीक आहे. दोन्ही हातांची बोटं कोनवर (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर) सगळीकडून सारखी ठेवून हळूच दाबला, घासल्याचा आवाज नाही, म्हणजे कॉइल वाकडी झालेली नाही. हे महत्त्वाचं, कारण घासणारी कॉइलसुद्धा मीटरवर ठीकच दाखवते, तिचा दोष बोटांनाच कळतो. शेवटी स्क्रू काढून सब बाहेर घेतला आणि टॉर्च मारला तर कोनच्या खालचं ते सुरकुत्यांचं पिवळं कापड, स्पायडर, त्याची कड जवळजवळ चार बोटं बास्केटपासून (स्पीकरच्या सांगाड्यापासून) सुटलेली.

आमच्याकडे मंडळांच्या स्पीकरचं रिकोनिंग (कोन, कॉइल बदलून दुरुस्ती) करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेला. ते म्हणाले, "कॉइल झकास आहे, स्पायडरच चिकटवायचाय. घरी फेविक्विक लावलं नाहीस ते बरं केलंस, ते कडक होऊन तडकतं." जुना गोंद खरवडला, रबर अॅडेसिव्ह लावलं, कड दाबून कोन मध्यभागी राहील असं बघून एक दिवस ठेवला. ३५० रुपये. नवीन सबला मी साडेसहा हजार घालणार होतो!

पण गोंद का सुटला, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बास बूस्ट (बास वाढवायचं बटण) फुल होता आणि अँपवरचा सबसॉनिक फिल्टर, जो अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापतो, तो बंद, दुकानातून तसाच आला होता. पोर्टचा बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो तिच्याखाली आतल्या हवेचा आधार सुटतो, कोन मोकाट हलतो आणि सगळी ओढाताण स्पायडरवर. त्यात मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात. आता सबसॉनिक ३० हर्ट्झला, लो पास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) ८० ला, बूस्ट शून्य. गेन (अँप आवाज किती वाढवणार ते ठरवणारं बटण) कानाने नाही लावला, सबची वायर काढून, ५० हर्ट्झचा टोन लावून, स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश ठेवून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपचं आउटपुट ३१ व्होल्टच्या आसपास आणलं. २५० वॅट गुणिले ४ ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढंच गणित आहे.

जुलैपासून तीन महिने झाले, फडफड परत नाही. दणका आधीपेक्षा थोडा कमी आहे हे खरं, पण ठोका स्वच्छ येतो आणि मला तोच आवडतो. डिकीच्या दरवाज्यातली एक क्लिप ५२ हर्ट्झला अजून टिकटिकते, दसऱ्याच्या सुट्टीत पॅनल उघडणार आहे.