छातीवरचा हार्टरेट पट्टा: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

हातात घड्याळ आहे, त्यात नाडी दिसते, मग छातीला वेगळा पट्टा कशाला? दिवसभराची नाडी, झोप आणि रमतगमत चालणं यांसाठी खरंच नको. पळणं, सायकल, चढ आणि वेग कमी-जास्त करत केलेले इंटरव्हल, शिवाय सकाळची एचआरव्ही (लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते) मोजणी, यांत मात्र घड्याळ आणि पट्टा यांच्यातला फरक एकोणीस-वीसचा राहत नाही. पट्टा आकडा बरोबर देतो. तो आकडा का वाढला, हे पट्ट्याला कळत नाही, अ‍ॅपलाही कळत नाही. ते ज्याचं त्यानेच ओळखायचं असतं, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते.

आधी मोजणीबद्दल. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर तो किती शोषला जातो ते बघतं. हात हलला की त्यात गोंधळ होतो. पळताना मिनिटाला 170 पावलं पडत असतील तर घड्याळ कधीकधी पावलांचीच लय पकडतं आणि हृदय 140 वर असताना 170 दाखवत बसतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: वेग तोच ठेवून पावलं आखूड आणि जलद टाका. आकडा लगेच पावलांमागे धावला तर तो हृदयाचा नाही. थंडीत त्वचेकडचं रक्त कमी होतं, सायकलचं हँडल घट्ट धरलं की मनगट वाकतं, अशा वेळीही घड्याळ मागे पडतं. पट्टा हृदयाचा विद्युत संकेत थेट पकडतो, त्यामुळे या भानगडी नाहीत. त्याच्या भानगडी वेगळ्या.

पहिली म्हणजे कोरडेपणा. पट्ट्याच्या आतल्या दोन इलेक्ट्रोडना ओलावा लागतो. कोरडा पट्टा बांधला की सुरुवातीची पाच-दहा मिनिटं आकडा 60 वरून 190 वर उड्या मारतो, आणि घाम आला की आपोआप सुधारतो. सिंथेटिक टी-शर्ट कोरड्या हवेत छातीवर फडफडत असेल तर स्थिर विजेमुळेही असंच होतं. दोन्ही इलेक्ट्रोड पाण्याने नीट ओले करायचे, नुसता बोटाचा ओलावा पुरत नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बायकांनी ब्राच्या पट्टीखाली, पॉड (पट्ट्यावरची सेलची छोटी डबी) बरोबर मध्यभागी. खोल श्वास घेतल्यावर टोचू नये आणि उडी मारल्यावर घसरू नये, इतकाच ताण. छातीवर दाट केस असतील तर ईसीजीचं जेल पाण्यापेक्षा चांगलं चालतं.

आता आकड्याकडे. व्यायाम सुरू करताच पहिल्या काही सेकंदांत ठोके झपकन वाढतात. विश्रांतीत व्हेगस नर्व्ह हृदयाला लगाम घालून असते. तो लगाम सुटला की साधारण 100 पर्यंत ठोके लगेच जातात. त्यापुढची वाढ मुख्यतः हृदयाला चेतवणारी सिम्पथेटिक नर्व्ह आणि अ‍ॅड्रेनलिन यांच्या जोरावर होते आणि ती हळू असते. म्हणून 30 सेकंदांच्या जोरदार धावेत पट्ट्यावर नजर ठेवून वेग ठरवू नका. धाव संपेपर्यंत हृदय वर पोचलेलंच नसतं, कधीकधी सर्वोच्च आकडा धाव थांबल्यावर दिसतो. इतक्या छोट्या इंटरव्हलला वेग किंवा पॉवर बघावी. तीन-चार मिनिटांच्या इंटरव्हलमध्येही शेवटच्या दीड-दोन मिनिटांचा आकडाच विचारात घ्यावा.

झोनच्या, म्हणजे ठोक्यांवरून पाडलेल्या जोराच्या टप्प्यांच्या बाबतीत अ‍ॅपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बहुतेक अ‍ॅप कमाल ठोके काढायला 220 वजा वय हे सूत्र वापरतात. 2001 साली आलेलं 208 वजा 0.7 गुणिले वय हे सूत्र त्यापेक्षा बरं. चाळिशीत दोन्ही 180 च देतात, पण साठीत पहिलं 160 आणि दुसरं 166 सांगतं. पण सूत्र कुठलंही घेतलं तरी माणसामाणसांतला फरक दहाएक ठोक्यांचा असतो, म्हणजे साधारण तिघांतल्या एकाचा खरा आकडा सूत्रापासून दहापेक्षाही लांब असतो. दुसरा घोळ टक्केवारीचा. कमाल 180, विश्रांतीत 60 असेल तर कमालीच्या 60 ते 70 टक्के म्हणजे 108 ते 126. कार्व्होनेनच्या पद्धतीने मधल्या 120 ठोक्यांचे 60 ते 70 टक्के घेऊन त्यात 60 मिळवले तर 132 ते 144. नाव एकच, ‘झोन 2’, आणि दोन्हींतला कुठलाच आकडा समान नाही! सेटिंगमध्ये कुठली पद्धत आहे ते आधी बघा. त्यातही शंका वाटली तर बोलून बघा: पूर्ण वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम जोराची बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे.

पट्ट्याचे पैसे खरे वसूल होतात ते लांब, एकसारख्या वेगाच्या व्यायामात. वेग तोच, रस्ता सपाट, दमही तितकाच, तरी विसाव्या मिनिटाला 140 असलेला आकडा तासाभरात 152 वर जातो. पट्टा बिघडलेला नसतो. शरीर तापतं, उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे जास्त रक्त जातं, घामातून रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, म्हणून एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही घटतं. स्नायूंची ऑक्सिजनची मागणी मात्र तशीच आहे, मग ठोके वाढवून भरपाई होते. शिवाय ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला हृदय भरण्याचा वेळही आखडतो. याला कार्डिअ‍ॅक ड्रिफ्ट म्हणतात.

तो मोजायची पद्धत अशी. वॉर्मअपची दहा मिनिटं वगळा, उरलेल्या व्यायामाचे दोन समान भाग करा, दोन्हींत वेग सारखा होता याची खात्री करा आणि सरासरी ठोके काढा. पहिल्या भागात 142, दुसऱ्यात 151 असेल तर वाढ 9 ठोक्यांची, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. पाच टक्क्यांच्या आत असेल तर तो वेग तितका वेळ तुम्हाला झेपतो असं मानायला हरकत नाही. त्याहून जास्त असेल तर लगेच ‘स्टॅमिना कमी’ असा निष्कर्ष काढू नका, आधी उष्णता तपासा. घरातल्या स्थिर सायकलवर हे फार जाणवतं, कारण समोरून वारा नसतो. एक लिटर घाम वाफ होऊन उडाला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता नेतो; तोच घाम थेंबाथेंबाने जमिनीवर गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पंखा सुरू करून तीच चाचणी पुन्हा घ्या. ड्रिफ्ट निम्म्यावर आला तर दोष हवेचा होता. आणि ठोके ठरावीक झोनमध्येच ठेवायचा हट्ट धरला तर उकाड्यात वेग कमी करत जावं लागतं, याचं वाईट वाटून घेऊ नये. हृदयावरचा भार खराच वाढलेला असतो.

वजनं उचलणाऱ्यांनी हा पट्टा त्यासाठी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. पळताना वरचा रक्तदाब वाढतो, खालचा फारसा हलत नाही. जड वजन ढकलताना आकसलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबून धरतात आणि दोन्ही दाब चढतात. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत नळी घालून दाब मोजला होता. दोन पायांच्या जड लेगप्रेसमध्ये सरासरी 320 वर 250 इतका निघाला. पट्ट्यावर यातलं काहीही दिसत नाही, श्वास रोखल्यामुळे ठोके उलट विचित्रच वर-खाली होतात. दोन सेटमध्ये किती विश्रांती झाली एवढं बघायला ठीक.

हातांनी करायच्या कामातही आकडा फसवतो. तितकाच ऑक्सिजन लागणारं काम पायांऐवजी हातांनी केलं तर ठोके जास्त पडतात. डोक्यावर हात धरून केलेली रंगकामासारखी कामं किंवा ओझं धरून नुसतं उभं राहणं, यांत ठोके बरेच दिसतात पण ऊर्जा त्या मानाने कमी खर्च होते. अ‍ॅप मात्र ठोक्यांवरूनच कॅलरी काढतं, त्यामुळे तो आकडा फुगतो.

मानसिक ताणाचं तर विचारूच नका. खुर्चीत बसून वादावादीची मीटिंग केली तरी ठोके 20-30 ने वाढू शकतात. वॉल्टर कॅनन यांनी शंभरएक वर्षांपूर्वी वर्णन केलेली लढा-किंवा-पळा ही तयारी ती हीच: अ‍ॅड्रेनलिन सुटलं, हृदय सज्ज झालं, पण स्नायू हललेच नाहीत. ऑक्सिजनची मागणी जवळजवळ जशीच्या तशी आणि अ‍ॅप तुमच्या खात्यात कॅलरी जमा करतंय. अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोन मात्र ताण सुरू झाल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटांनी शिखरावर येतं आणि ते पट्ट्याला दिसतच नाही. अ‍ॅपमधला ‘स्ट्रेस स्कोअर’ कॉफी, ताप, अपुरी झोप, दारू आणि आनंदाची बातमी या सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. मी तो बंद केला.

सकाळची एचआरव्ही मात्र कामाची, पण शिस्तीने मोजली तर. उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, चहा-कॉफीच्या आधी, रोज त्याच स्थितीत, बसून तर बसूनच. एक मिनिट शांत, मग दोन मिनिटं मोजणी, न बोलता, न गिळता. ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजलं जातं, त्यामुळे एक सुटलेला ठोका अख्खी मोजणी वाया घालवतो. हिशेबच बघा: नाडी 75 म्हणजे ठोक्यांत सरासरी 800 मिलिसेकंद, दोन मिनिटांत 150 ठोके, खरा आरएमएसएसडी (शेजारच्या अंतरांमधल्या फरकांवरून काढलेला एचआरव्हीचा आकडा) 40. यात एक ठोका पट्ट्याने सोडला की एक अंतर 1600 चं होतं आणि शेजारच्या दोन्ही अंतरांशी 800-800 चा फरक पडतो. उत्तर 40 ऐवजी 100 च्या घरात येतं. अ‍ॅप आनंदाने हिरवा दिवा लावून ‘आज जोरात करा’ सांगतं! म्हणून नुसता स्कोअर न दाखवता ठोक्यांचा आलेखही दाखवणारं अ‍ॅप घ्या; त्यात उंच सुळका दिसला की मोजणी पुसून पुन्हा घ्या. अवेळी पडणाऱ्या खऱ्या ठोक्यांनीही असाच सुळका येतो. तो वारंवार दिसत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढावा, पट्ट्याच्या नोंदीवर निदान होत नाही. एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही, सात दिवसांची सरासरी खाली घसरत असेल तर बघायचं.

व्यायाम थांबल्यावर एका मिनिटात ठोके किती उतरतात हेही लोक हौसेने बघतात. ट्रेडमिल चाचणीनंतर सावकाश चालताना पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी उतरणं हे वैद्यकीय अभ्यासांत धोक्याचं मानलं गेलं आहे, पण ती मोजणी ठरावीक पद्धतीची असते. घरी बसून, उभं राहून आणि चालत घेतलेले आकडे एकमेकांशी ताडू नका. आणि आकड्याच्या नादात जोरात पळून एकदम उभं राहू नका: पायांचे स्नायू रक्त वर ढकलायचे थांबतात, रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते.

महिन्यांच्या वापरात काय बदलतं? सर्वांत आधी, पहिल्या एक-दोन आठवड्यांतच, रक्तातला द्रवभाग वाढतो आणि त्याच वेगाला ठोके थोडे कमी लागतात. पुढे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकू लागतं: 70 ठोके गुणिले 70 मिली म्हणजे मिनिटाला सुमारे 5 लिटर, तेच 50 ठोके गुणिले 100 मिलीनेही होतं. विश्रांतीची नाडी उतरते ती अशी. कमाल ठोके मात्र व्यायामाने वाढत नाहीत, त्यामुळे ‘माझा मॅक्स का वाढत नाही’ हा प्रश्न सोडून द्या. प्रगती बघायची तर तोच सपाट रस्ता, तोच वेग, साधारण तीच हवा, 30 मिनिटं, आणि शेवटच्या 20 मिनिटांची सरासरी. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी हे सगळे झोन निरर्थक आहेत, कारण औषध ठोकेच दाबून ठेवतं. त्यांनी दमाच्या जाणिवेवर चालावं. पेसमेकर असलेल्यांनी पट्टा बांधण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पोहण्याचा विचार असेल तर पॉडमध्ये स्वतःची मेमरी आहे का ते बघा, ब्लूटूथ पाण्यातून काही सेंटिमीटरपलीकडे जात नाही. भिंतीला पाय मारून निघताना पट्टा घसरतो, अंगाला घट्ट बसणारा स्विमसूट वरून असेल तरच टिकतो.

देखभालीत बहुतेकांची एकच चूक होते: पॉड पट्ट्यालाच लावून ठेवतात. ओल्या पट्ट्यातून दोन बटणांमधला मार्ग जोडलेला राहतो, पॉडला वाटतं कुणी घातलाय, आणि सेल महिन्यांऐवजी आठवड्यांत संपतो. काढल्याबरोबर पॉड सोडवायचा, बटणं पुसायची, पट्टा साध्या पाण्याखाली धरायचा. आठवड्यातून एकदा सौम्य साबण, कारण घामाचं मीठ आणि सनस्क्रीनचा तेलकट थर इलेक्ट्रोडवर बसतो. पिळायचा नाही, आतले वाहक धागे तुटतात. पुरळ उठत असेल तर बहुधा राहिलेला साबण किंवा वाळलेला घामच कारण असतो.

बिघाड शोधताना क्रम असा ठेवा. संपर्क मध्येच तुटत असेल तर आधी सेल बदला, बहुतेक पॉडना सीआर2032 किंवा सीआर2025 लागतो, मागचा आकडा बघूनच घ्या, आणि झाकणाची रबर रिंग खाचेत नीट बसवा, नाहीतर घाम आत जातो. संपर्क टिकतो पण आकडे उड्या मारतात तर दोष पट्ट्याचा: धुऊन, नीट ओला करून बघा, तरीही तसंच असेल तर नुसता पट्टा नवा घ्या, पॉड सहसा चांगला असतो. म्हणूनच खरेदी करताना पॉड आणि पट्टा वेगळे होणारे, पट्टा सुटा मिळणारा, सेल घरी बदलता येणारा आणि ठोक्यांमधलं अंतर अ‍ॅपला पाठवणारा, असाच नग निवडावा.